डाव्या कोपऱ्यातली पट्टी

मामाजी, तुमची तेरवी होऊन गेली आणि मी अजून तुमच्यावर रागावलेलीच आहे. हे आधी सांगून टाकते, कारण बाकी सगळे तुमच्याबद्दल आता फक्त चांगलं बोलतात. जे तुम्हाला तोंडावर बह्याड म्हणायचे, तेच ओसरीवर बसून "लय डोक्याचा माणूस होता" असं म्हणून चहाची बशी खाली ठेवतात. मी ऐकते आणि गप्प बसते. गप्प बसण्याबद्दल तुमच्या करडी गावात मला कुणी काही विचारत नाही, ते तुम्हाला माहीतच आहे.

आपलं भांडण अर्धं राहिलं. ती कॅसेट ठेवायची की पुसायची, हे तुम्ही माझ्यावर टाकलंत आणि मी काही ठरवायच्या आत निघून गेलात. भंडाऱ्याच्या दवाखान्यात आम्ही पोहोचलो तेव्हा तुमच्याशी बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. आई रडत होती. मला रडू आलं नाही. तुम्हाला विचारायचा एकच प्रश्न डोक्यात फिरत होता आणि तो अशा वेळी विचारण्यासारखा नव्हता.

मी पहिल्यांदा तुमच्या खोलीत आले तेव्हा शाळेत होते. नागपूरची नन्सची शाळा, वर्गात मराठी बोललं की फळ्यावर नाव. करडीत आलं की उलट. मी तोंड उघडलं की मुलं हसायची. माझी मराठी पुस्तकासारखी होती आणि ती मला "मुकी मेम" म्हणायची. म्हणून मी आईच्या माहेरी, स्वतःच्या मामांच्या घरी, मान हलवून बोलायला शिकले. तुम्ही मला त्याबद्दल काहीच विचारलं नाहीत. धान भरडायच्या मिलला लागून असलेल्या त्या खोलीत, जिथे आधी धानाचा भुसा ठेवत, तुम्ही बारदानं ठोकून भिंती झाकल्या होत्या. मला एका पोत्यावर बसवलंत, हातात इंग्रजी मासिक दिलंत आणि म्हणालात, "वाच माय, हळूहळू."

मी वाचलं. कुठल्यातरी यंत्राची जोडणी होती. मला शब्द येत होते, अर्थ नाही. तुम्हाला अर्थ लागत होता, शब्द नाहीत. दोघांचं मिळून एक माणूस होत होता. तुम्ही मध्येच हात वर करायचात, मी थांबायचे, तुम्ही तारांना कथलाचा डाग द्यायचात, धूर निघायचा, मग बोटानं खूण करायचात की चल पुढे. कितीतरी सुट्ट्या आपण अशा काढल्या आणि त्यात मला क्वचितच बोलावं लागलं.

ते यंत्र म्हणजे भिंगरी. लाकडी खोकं, जुन्या रेडिओंची बटणं, आणि पुढे सायकलचे स्पोक ठोकून केलेल्या पट्ट्या, ज्यांना बोट लावलं की आवाज निघायचा. रेडिओच्या शॉर्टवेव्हवर तुम्हाला कधीतरी दूरदेशीचं कुठलं तरी स्टेशन लागलं होतं आणि त्यावर माणूस नसलेलं संगीत ऐकू आलं होतं. गळा नाही, तार नाही, कातडं नाही, नुसती वीज गाते आहे. तुम्ही आईला सांगितलं होतं म्हणे, की हे तर आपल्या बोडीत श्रावणात रोज होते, त्या लोकायनं आता ऐकलं. बोडी म्हणजे शेतातलं छोटं तळं, आणि श्रावणातल्या तिथल्या बेडकांचा आवाज ज्यानं ऐकला त्याला तुमचं म्हणणं पटेल. म्हणून तुमच्या कंपनीचं नाव बोडी कॅसेट. कंपनी म्हणजे तुम्ही, एक टेपरेकॉर्डर, आणि कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठी कापून केलेली वेष्टणं. त्यावर तुमच्या अक्षरात सूचना असायची: ऐकताना पंखा बंद ठेवावा.

भिंगरी सुरात राहायची नाही. शेजारी मिल सुरू झाली की लाइनीचा जोर कमी व्हायचा आणि भिंगरीचा सूर घसरत घसरत खाली जायचा. मिल बंद झाली की पुन्हा वर चढायचा. शाळेत मी पियानो शिकत होते. सिस्टर एक सूर जरा चुकला तरी पट्टीनं टेबलावर टकटक करायच्या. मला भिंगरी ऐकवायची नाही, दात शिवशिवायचे. तुमच्याशी माझं पहिलं भांडण त्यावरूनच झालं आणि माझ्या आठवणीत मी करडीत पूर्ण वाक्य बोलले ते तेव्हाच. मी म्हटलं, नागपूरला स्टॅबिलायझर मिळतो, तो लावा, सूर हलणार नाही. तुम्ही इतकं दुखावल्यासारखं पाहिलंत, जणू मी मिल बंद करायला सांगितली होती.

"मिल माहा तबलजी आहे," तुम्ही म्हणालात. "तबलजीले घराबाहेर काढू?"

मग तुम्ही मला ते दाखवलंत. टेपरेकॉर्डर नेहमी सेलवर चालवायचा, भिंगरी नेहमी लाइनीवर. टेपरेकॉर्डरचं चाक मिलच्या तालावर डगमगता कामा नये, भिंगरी मात्र डगमगलीच पाहिजे. मिलवाले गोपाळभाऊ सकाळी कुणाचं धान आलं आहे ते तुम्हाला ओरडून सांगायचे आणि तुम्ही त्यावरून दिवसाचं वाजवणं आखायचात. मोठ्या शेतकऱ्याचं धान असलं की लांब उतार. गरिबाचं एखादं पोतं असलं की छोटासा हेलकावा. मी वाद सोडला नाही. दर सुट्टीत नव्यानं मांडला. तुम्ही दर वेळी तेवढ्याच गांभीर्यानं ऐकलंत आणि तेवढ्याच ठामपणे नाही म्हणालात. माझं म्हणणं इतकं लक्ष देऊन ऐकणारं घरात दुसरं कुणी नव्हतं, हेही आज लिहिते.

दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरायची. दिवसा बाजार, रात्री दंडारीचं नाचगाणं आणि नाटक. तुम्ही जिलबीच्या दुकानाशेजारी पोतं अंथरून बसायचात. एकदा आंबागडच्या मंडईत तुम्ही मलाही बसवलंत, कॅसेटी नीट रचून ठेवायला. तिथे मी तुमचा विकण्याचा नियम पाहिला. गिऱ्हाईकानं आधी पोत्यावर बसायचं आणि एक अख्खी बाजू ऐकायची. मध्येच उठला तर विकत द्यायची नाही. चांगल्या कपड्यातला एक माणूस थोडं ऐकून पैसे काढू लागला, म्हणाला गंमत म्हणून घरी दाखवतो. तुम्ही कॅसेट परत घेतलीत आणि त्याला जिलबीचं दुकान दाखवलंत. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकच कॅसेट गेली. धान कापून थेट आलेली एक बाई विळा मांडीवर ठेवून पूर्ण बाजू बसली होती. शेवटी म्हणाली, "आमच्या धानाच्या बांधीवर बेडकं असंच बोंबलते जी, पण हे बोंबलणं ऐकू वाटते." तुम्ही ते वाक्य परतीच्या वाटेवर म्हणत होतात.

आणि तुमची ती पट्टी. कॅसेटच्या पाठीवर दोन्ही कोपऱ्यांत प्लास्टिकची इवलीशी पट्टी असते. जी बाजू आपल्याकडे तोंड करून असेल, तिची पट्टी डाव्या कोपऱ्यात. ती तोडली की त्या बाजूवर दुसरं काही भरता येत नाही, बटण दबतच नाही. एखादी बाजू पूर्ण झाली असं तुम्हाला वाटलं की तुम्ही बारीक पेचकसानं ती पट्टी उडवायचात. टक आवाज व्हायचा. तुकडा तंबाखूच्या डबीत. ती डबी मग तुम्ही खुळखुळ्यासारखी वाजवायचात आणि पुढच्या रेकॉर्डिंगमध्ये घ्यायचात. साऱ्या घराला तुम्ही शिकवून ठेवलं होतं: पट्टी तुटलेली दिसली तर हात लावायचा नाही, शाबूत असेल तर कॅसेट कोरी समजा, खुशाल घ्या. लहान मामाजी, म्हणजे तुमचा धाकटा भाऊ, हा नियम सगळ्यांत काटेकोर पाळायचे. हे आठवणीत ठेवा, कारण पुढे तेच झालं.

मागच्या मंडईच्या दिवसांत मी कॉलेज संपवून आले होते. एका दुपारी तुम्ही सेल आणायला मोहाडीला गेलात. मिल अजून सुरू व्हायची होती. मी खोलीत एकटी होते. भिंगरीला मी कधी हात लावला नव्हता, तिच्यावरून वाद घालायचे, तेवढाच तिचा माझा संबंध. त्या दिवशी लावला. मिल सुरू होऊन सूर घसरायला लागला तशी मी त्याच्यामागे गेले, बोट सरकवत, त्याला धरून ठेवायला. तो हाती येईना. मग मी त्याच्याबरोबरच उतरू लागले. आणि मामाजी, मी बोलत होते. मोठ्यानं. तिथे कुणी नव्हतं म्हणून. शाळेतलं नाही, पुस्तकातलं नाही. इतकी वर्षं ओसरीवर बसून जे नुसतं ऐकत होते, तेच तोंडातून आलं. तिला रागावले, तिची समजूत घातली, हसले.

तुम्ही परत आलात. जेवणं झाल्यावर शांतपणे सांगितलंत, की पोत्याआड टेपरेकॉर्डर चालूच राहिला होता आणि सगळं भरलं गेलं आहे. बाजू एक तुमची, पट्टी तुटलेली. बाजू दोन माझी. पुढच्या मंडईत विकायला काढू म्हणालात. मी म्हटलं, न विचारता? तुम्ही म्हणालात, विचारलं असतं तर तू वाजवलं असतं? मी म्हटलं, वाजवणं ठेवा हवं तर, बोलणं नाही, मी एकटी होते.

"एकटी कुठी होती? भिंगरी होती ना," तुम्ही म्हणालात.

मला हसू आलं नाही. मी सांगितलं, आत्ताच्या आत्ता पुसा. तेव्हा तुमचा आवाज बदलला. "सुरं कोणीबी वाजवीन, माय. तू बोलली ते कोण बोलन?" आणि मग टेपरेकॉर्डर माझ्यासमोर सरकवलात. तुम्ही आजवर काहीच पुसलेलं नाही आणि हेही पुसणार नाही. पुसायचं तर माझ्या हातानं, पट्टी तोडायची तर माझ्या हातानं. लाल बटणावर माझं बोट होतं. मी दाबलं नाही. पट्टीही तोडली नाही. दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गाडीनं मी नागपूरला गेले आणि तुमच्याशी बोलले नाही. तुमचं चुकलं होतं, असं मला तेव्हा वाटत होतं. आजही वाटतं. चालू टेप लपवून कुणाचं एकटेपण भरून घ्यायचं नसतं, मग ते कितीही चांगलं वाजो.

मी ती बाजू कधी ऐकली नव्हती.

तेरवीच्या दिवशी जेवणं उरकली. मांडवात करडीचं भजनी मंडळ बसलं. लहान मामाजींच्या मनात आलं की भाऊनं सगळ्या गावाचं भरून ठेवलं, तर त्याच्या तेरवीचं भजन आपण भरू. मोठ्या मायेनं त्यांना ते सुचलं होतं. ते तुमच्या खोलीत गेले. मी दारातून पाहत होते. त्यांनी कपाटातल्या कॅसेटी एकेक करून उलटून पाहिल्या, तुमच्याच नियमानं. तुटलेली, तुटलेली, तुटलेली. मग एका कॅसेटवर त्यांचा अंगठा थांबला. एका बाजूची पट्टी तुटलेली, दुसऱ्या बाजूची शाबूत. वेष्टणावर तुमची जागा भरलेली आणि खाली माझ्या नावाची जागा कोरी. नाव लिहू देणार नाही असं मीच बजावलं होतं.

"एक बाजू तं खालीच आहे," ते आपल्याशीच म्हणाले आणि माझ्या शेजारून मांडवात गेले.

मामाजी, मला वाटलं होतं की असं काही आपोआप घडलं तर मला बरं वाटेल. मी पुसलं नाही, तुम्ही पुसलं नाही, भजनानं पुसलं. कुणावर दोष नाही. दोन्ही भांडणारे सुटले. मी दारात उभी राहून तेच स्वतःला सांगत होते. मांडवात पेटीवाल्यानं सूर लावला. लहान मामाजींनी टेपरेकॉर्डरचं झाकण उघडलं, कॅसेट बसवली, झाकण लावलं. मंडळी खाकरून गळा साफ करू लागली. बायका पदर सारखा करून पुढे सरकल्या. लहान मामाजींची दोन बोटं बटणांवर गेली, लाल आणि काळं, दोन्ही एकदम दाबायची असतात. बुवा "हं" म्हणतील याची ते वाट पाहत होते.

मी मांडवात शिरले कशी ते मला आठवत नाही. सगळ्यांच्या मध्ये उभी होते एवढं आठवतं. आणि माझा आवाज मला फार मोठा वाटला.

"लहान मामाजी, ते भरू नका."

त्यांनी वर पाहिलं. सगळ्यांनीच. पेटीचा भाता अर्ध्यावर थांबला.

"काहून वं? कोरी आहे ना."

"कोरी नाही."

"पट्टी तं शाबूत आहे. कोणाचं आहे त्याच्यात?"

मला वाटलं आता मान हलवून भागेल. भागणार नव्हतं. आई दोन रांगा मागे होती, तिनं मला खूण केली की बस खाली.

"माहं आहे," मी म्हटलं.

कुणीतरी मागून हळूच म्हणालं, मेम बोलली. कुणी हसलं नाही. लहान मामाजींचा चेहरा पडला होता. त्यांच्या हातून भावासाठी एक गोष्ट होणार होती आणि मी ती अडवली होती. ते म्हणाले, तू कधी गायली? मी म्हटलं, गायली नाही, वाजवलं. मग ते बुवांना म्हणाले की भजन जरा थांबू द्या. आणि मला म्हणाले, "मंग ऐकव. पण पूर्ण. भाऊ अर्धं ऐकणाऱ्याले देत नव्हता."

तुमचा नियम तुम्ही नसताना माझ्यावर आला.

काळं बटण त्यांनीच दाबलं. आधी नुसती खरखर, मग भिंगरी. सूर सरळ उभा राहिला आणि मग मिल सुरू झाली आणि तो घसरायला लागला. पहिल्या रांगेत बसलेले गोपाळभाऊ मान वर करून म्हणाले, "हे तं आपली मिल." त्यांनी शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारली, त्या दिवशी कुणाचं धान होतं ते सांगायलाही सुरुवात केली, मग कुणीतरी त्यांना गप्प केलं. आणि मग मी. माझा आवाज, ज्या आवाजात मी कुणाशी कधी बोलले नव्हते.

"थांब ना वं. कायले पळून राहिली? मी काय खाऊन टाकीन तुले?"

मांडवात हसू फुटलं. ते मुलांचं ते जुनं हसू नव्हतं. एका म्हातारीनं डोळ्याला पदर लावला आणि हसत राहिली. मी खाली मान घालून उभी होते, आईनं येऊन मला बसवलं, आणि माझा हात धरून बाजू संपेपर्यंत सोडला नाही. टेपवर मी भिंगरीला उतरायला सांगत होते. हळू उतर, घाई नको, आता थांब, हं. शेवटी मिल बंद झाली आणि सूर एकटाच वर चढत गेला आणि मी काही बोलले नाही. तेवढं मला कळलं होतं, तेव्हाही. कुणी उठलं नाही. पूर्ण बाजू झाली.

मग भजन झालं, ते कुणीच भरलं नाही. लहान मामाजी ताल धरून बसले होते. मला त्यांचं वाईट वाटतं. त्यांना मी एक कोरी कॅसेट आणून देईन, पण ते भजन आता परत तसं होणार नाही.

पाहुणे पांगल्यावर त्यांनी तुमचा पेचकस माझ्यापुढे धरला. म्हणाले, पट्टी तोडली तरी कोणी चिकटपट्टी लावून पुन्हा भरू शकते, भाऊनंच सांगितलं होतं. पण आता गावानं ऐकलं आहे, कोणी भरणार नाही. मी कॅसेट मांडीवर घेतली, माझी बाजू वर केली, डाव्या कोपऱ्यात टोक लावलं. टक.

लहान मामाजींनी तंबाखूची डबी उघडून पुढे केली. आत तुमचे सगळे तुकडे होते.

मी माझा तुकडा त्यात टाकला नाही, मामाजी. कॅसेट पुढच्या मंडईत येईल, मी स्वतः पोत्यावर बसेन, अर्धं ऐकणाऱ्याला मीही देणार नाही. नावही लिहिलं आहे, पूर्ण. पण तो तुकडा माझ्याकडे आहे. तुम्ही मला विचारायला हवं होतं. विचाराल तेव्हा देईन, असं मी डबी परत करताना ठरवलं, आणि तुम्ही आता विचारणार नाही हे ठाऊक असूनही अजून तेच ठरवून बसले आहे.